बॅगेतलं दुसरं कार्ड

आत्तापर्यंत चार शाळांनी मला मुलांसमोर जिद्दीवर बोलायला बोलावलं आहे. मी धाराशिवात कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, पण गावात ओळख आहे ती सायकलवाले सर म्हणून. चारशे किलोमीटर एका दमात, सत्तावीस तासांच्या आत. मुलं टाळ्या वाजवतात, मुख्याध्यापक शाल-नारळ देतात, आणि पुढच्या रांगेतल्या पोरांना मी ते पदक हातात घेऊन बघू देतो. कार्यक्रम संपला की बसस्टँडवरून घरी जायचा सरळ रस्ता सोडून मी वळसा घालून जातो. बसस्टँडच्या मागं भाईंचं दुकान आहे, आणि शाल-नारळ घेऊन त्या दुकानापुढून जायची माझी छाती होत नाही.

भाई माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे. तीस वर्षं सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतात. मी आधी त्यांचं गिऱ्हाईक होतो, मग रोज चहाला टेकणारा झालो, आणि एक दिवस त्यांनीच मला जुनी गिअरची सायकल जुळवून दिली. आमचा तिसरा गडी म्हणजे लोहाऱ्याच्या तहसील कचेरीतला कारकून. हा माझ्याच वयाचा, काटक आणि सदा घाईत. आम्ही तिघं दर रविवारी पहाटे तुळजापूरच्या घाटापर्यंत जायचो आणि येताना पोहे खायचो. त्यातून मग हे लांबच्या अंतराचं खूळ डोक्यात शिरलं.

हे प्रकरण शर्यतीचं नसतं. पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत कापायचं, एवढंच. प्रत्येकाजवळ एक जाड कागदाचं कार्ड असतं. वाटेत ठिकठिकाणी क्लबची माणसं बसलेली असतात, त्यांना कंट्रोल म्हणतात. तिथं कार्डावर शिक्का आणि वेळ घ्यायची. एक जरी शिक्का राहिला तरी सगळी पायपीट पाण्यात. दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे अशा चारही एकाच हंगामात पुऱ्या केल्या तर वेगळा मान असतो.

तो मान भाईंना हवा होता. त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी झिजली होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि त्यानंतर लांबची सायकल बंद. भाईंनी डॉक्टरांकडून एक हंगाम मागून घेतला. घरी भाभी म्हणायच्या की सायकली दुरुस्त करणाऱ्यानं सायकल चालवावी कशाला, हलवाई कधी आपली मिठाई खातो का. भाई नुसते हसायचे. मला मात्र एकदा म्हणाले होते, की आयुष्यभर लोकांना पल्ल्यावर पोचवलं, एक डाव आपण पोचून बघावं. दोनशे आणि तीनशे त्यांच्या झाल्या होत्या. उरल्या होत्या चारशे आणि सहाशे.

माझं सांगायचं तर आदल्या वर्षी माझी चारशेची राइड अकरा मिनिटांनी हुकली होती. त्या अकरा मिनिटांनी मी वर्षभर घरच्यांना वैताग आणला. बायकोनं चहाला उशीर केला तरी मला ती अकरा मिनिटं आठवायची.

कार्डांचं आमचं एक ठरून गेलं होतं. पहिल्या दोनशेच्या वेळी भाईंचं कार्ड खिशात घामानं असं भिजलं की शिक्क्यावरची वेळ वाचता येईना. बरीच विनवणी करून ते मान्य झालं. माझ्या सायकलीच्या हँडलला पुढं पाणी न शिरणारी बॅग आहे. तेव्हापासून तिघांची कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या बॅगेत. कंट्रोल आला की मी थोडं अलीकडं थांबून ज्याचं त्याला द्यायचो आणि शिक्का झाला की परत गोळा करायचो. या खेपेला निघण्याआधी सगळ्यांना बसवून संयोजकांनी बजावलं होतं, की प्रत्येकाचं कार्ड त्याच्याचजवळ हवं. एकाचं कार्ड दुसऱ्याजवळ सापडलं तर दोघंही बाद. आम्ही तिघांनी गंभीरपणे माना डोलावल्या आणि बाहेर आल्या आल्या दोघांनी आपापली कार्डं माझ्या हातात दिली. नियम नीट ऐकून घ्यायचे आणि पाळायचे ते दुसऱ्यांनी, हा आमच्याकडचा रिवाजच आहे.

शनिवारी दुपारी चारला आम्ही निघालो. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, पुढं कर्नाटकात हुमनाबाद, बीदर, तिथून उदगीर, लातूर आणि परत धाराशिव. माघ महिना होता आणि उमरगा सोडल्यावर थंडी बोटांत शिरली. रात्रभर भाई पुढं आणि आम्ही दोघं त्यांच्या चाकामागं. सायकलवाल्यांत पुढचा माणूस वारा अंगावर घेतो आणि मागच्याला सोपं जातं. पाळीपाळीनं पुढं जायचं असतं. माझी पाळी आली की मी पाच मिनिटांत मागं सरकायचो आणि भाई काही न बोलता पुढं यायचे. हुमनाबादच्या पुढं माझं मागचं चाक बसलं. मी कुडकुडत टॉर्च धरून उभा राहिलो आणि भाईंनी गार पडलेल्या बोटांनी ट्यूब बदलून दिली. बीदरला उजाडलं. भाईंनी रस्त्याकडेला नमाज पढली, तोवर आम्ही शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली, त्यांचा वाटा ठेवून.

उदगीरच्या चढावर भाईंचा गुडघा बोलू लागला. त्यांनी सांगितलं नाही, पण पायडल मारताना ते डावीकडं झुकायला लागले तेव्हा मला कळलं. लातूरला पोचायला दुपारचे दोन वाजले. तिथल्या कंट्रोलवर कारकून म्हणाला की तो आता थांबत नाही, सोमवारी सकाळी साहेबांची मीटिंग आहे. त्यानं आपलं कार्ड मागून घेतलं, मी पिशवीतून काढून दिलं आणि तो गेला. हे मी मुद्दाम सांगतो आहे. वेगळं व्हायचं तर कार्ड वेगळं करायचं, हे पुढं जे घडलं त्याच्या दोनच तास आधी माझ्या हातानं केलेलं काम होतं.

लातूर सोडलं आणि समोरून वारा सुरू झाला. आता भाई मागं आणि मी पुढं. मागं वळून बघावं तर ते दोनशे पावलं मागं. थांबावं, ते येईपर्यंत घड्याळ बघावं, पुन्हा निघावं. मुरूडला पोचायला पावणेचार झाले. चहाच्या टपरीवर भाईंनी गुडघ्याला गार पाण्याची पट्टी बांधली. मला राग येत होता, आणि तो वाऱ्यावर किंवा रस्त्यावर नव्हता. ज्यानं रात्रभर मला आपल्या मागं लपवून आणलं त्याच माणसाचा मला राग येत होता. सात वाजेपर्यंत धाराशिव गाठायचं होतं, आणि मला ती अकरा मिनिटं दिसायला लागली होती.

भाईंनी माझं तोंड वाचलं असावं. म्हणाले, "सर, तुमी व्हा पुढं. माझ्यापायी तुमची खामखा बुडायला नको."

पंगतीत आग्रह झाला की माणूस तोंडानं पुरे म्हणतो आणि पान पुढं सरकवतो, तसं मी एकदाच नको म्हणालो. पुन्हा म्हणालो नाही. भाईंचा फोन बीदरलाच मान टाकून बसला होता, म्हणून म्हणालो की काही लागलं तर कुणाच्या तरी फोनवरून कळवा. आणि सायकलवर टांग टाकली.

एकटा निघाल्यावर पायांत बळ आलं, हेही खरं आहे. तासाभरानं, ढोकी काही किलोमीटरवर असताना, समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. कडेला पडलेल्या उसावरून चाक घसरू नये म्हणून मी सायकल खाली उतरवली, दोन-तीन दणके बसले आणि पुन्हा वर आलो. थोडं पुढं गेल्यावर लक्षात आलं की सायकलीच्या नळीला लावलेला हवेचा पंप नाही. मी माघारी वळलो. अर्धा किलोमीटर मागं बाभळीखाली पंप पडला होता. त्याची पकड मोडली होती, म्हणून तो ठेवायला मी पुढची बॅग उघडली. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन कार्डं होती.

मी बाभळीखाली उभा राहिलो. भाई माझ्या मागं पाच-सहा किलोमीटर असतील. मी तिथंच थांबलो असतो तर वीस-पंचवीस मिनिटांत ते आले असते, आणि तरीही मी वेळेत पोचलो असतो. हा हिशेब आज घरात बसून अगदी सोपा वाटतो. त्या वेळी मी दुसरेच हिशेब केले. थांबलो तर पाय आखडतील. आता मधे कंट्रोल नाही, थेट शेवटचा धाराशिवलाच. तिथं भाई आले की कार्ड देता येईल, त्यांचं काहीच बिघडणार नाही. आणि सगळ्यांत तळाशी एक हिशेब होता. भाई तसेही वेळेत येत नाहीत, मग कार्ड असलं काय आणि नसलं काय. हा शेवटचा विचार आल्यावर मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला आजही आठवतं आणि स्वतःची किळस येते.

मी तोंड फिरवलं आणि धाराशिवच्या दिशेनं निघालो.

ढोकीत साखर कारखान्याजवळ मळीचा वास नाकात बसला होता आणि उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. तिच्या थोडं पुढं, लिंबाखाली, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर क्लबचे दोघं बसले होते. त्यांनी हात केला. कुणी मधून गाडीत बसून येऊ नये म्हणून क्लब कधी कधी न सांगता असा गुप्त कंट्रोल लावतो. मला ते माहीत होतं. पण या राइडला असेल असं डोक्यातही आलं नव्हतं.

मी पाठ करून बॅग उघडली. पिशवी बाहेर न काढता आतल्या आत बोटांनी माझं कार्ड सरकवून घेतलं आणि चेन लावली. त्यांनी शिक्का मारला, वेळ लिहिली आणि विचारलं की मागं कोणी आहे का. हीच ती वेळ होती. खरं सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित नियमावर बोट ठेवलं असतं आणि आम्ही दोघं बाद झालो असतो. कदाचित चार शिव्या घालून भाईंचं कार्ड ठेवून घेतलं असतं. तेही ओळखीचेच होते, त्यांच्याही सायकली भाईंच्या हाताखालून गेलेल्या.

मी म्हणालो, "एक जण आहेत, पण त्यांचा गुडघा गेलाय. वेळेत येतील असं वाटत नाही."

त्यातल्या एकानं वाईट वाटल्याचा चुकचुक आवाज केला आणि मला केळं दिलं. मी ते तिथंच उभ्यानं खाल्लं.

सहा वाजून वीस मिनिटांनी मी धाराशिवला पोचलो. ज्या शाळेच्या मैदानावरून निघालो होतो तिथंच शेवट होता. टाळ्या झाल्या, कारकून आधीच येऊन पेढे वाटत होता, बायको-मुलगी आल्या होत्या. माझा फोटो निघाला. मी हसलोही. पण माझं सगळं लक्ष रस्त्याकडं होतं, आणि मी भाईंची वाट बघत नव्हतो. ते सातच्या आत येऊ नयेत अशी मी मनात प्रार्थना करत होतो. कुठल्याही देवाकडं असं मागणं मी त्याआधी कधी मागितलं नव्हतं.

सातला आठ मिनिटं कमी असताना भाई आले. उजवा पाय पायडलावर नुसता टेकवलेला, सगळा जोर डाव्या पायावर. मैदानातली माणसं धावत गेली. त्यांना उतरता येईना, तेव्हा दोघांनी धरून उतरवलं. तोंड मिठानं पांढरं झालं होतं. संयोजकांनी हसत हात पुढं केला, कार्डासाठी.

"न्हाय," भाई म्हणाले. "पडलं वाटतं कुठंतरी."

ढोकीलाही त्यांनी हेच सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. कार्ड कुठं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझं नाव घेतलं असतं तर माझं पदक गेलं असतं, म्हणून त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, लोकांना शंका येईल म्हणून. संयोजकांना खरंच वाईट वाटलं, पण एक शिक्का कमी आणि वर कार्डच नाही, त्यांचा नाइलाज होता. सगळ्यांनी भाईंसाठीही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

भाई नळाखाली पाय धरून बसले होते तेव्हा मी जवळ गेलो. तिथं तरी खरं बोलायचं होतं. आणि मी म्हणालो, "भाई, आत्ता पाहिलं हो मी. बॅगेतच राहिलं."

त्यांनी वर बघितलं. "ठेवा तसंच," म्हणाले. "आता काढू नका. तुमचं बी जाईल."

कारकुनानं मात्र जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, की भाईंचं कार्ड तर तुझ्याकडं होतं ना. मी त्याला सांगितलं की मुरूडला त्यांनी मागून घेतलं होतं. एक खोटं जिरलं की दुसऱ्याला फार कष्ट पडत नाहीत. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आंघोळ केली, राइडचा नकाशा मोबाइलवरच्या सायकलवाल्यांच्या ॲपवर टाकला, आणि लोकांचे अंगठे मोजत झोपलो.

सहाशेच्या राइडला भाई गेले नाहीत. चारशेच पुरी नाही तर पुढचीला अर्थ नव्हता, आणि गुडघाही उरला नव्हता. मीही गेलो नाही. कारकुनाला सांगितलं की कॉलेजच्या परीक्षा आहेत. एप्रिलात भाईंचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात मी एकदा जाऊन आलो, पण सगळ्यांच्या गर्दीत, फळं ठेवून लगेच उठलो. दुकानावर जायचं टाळत राहिलो. टाळता टाळता महिना गेला, आणि मग असं झालं की न जाणं हेच माझ्या गुन्ह्याची कबुली दिल्यासारखं दिसायला लागलं. म्हणून गेलो.

भाई खुर्चीत बसून पाय डब्यावर ठेवून होते. दुकानातली कामं आता पुतण्या बघत होता; तो चहा सांगायला गेला. मी गुडघ्याची चौकशी केली, त्यांनी माझ्या मुलीच्या बारावीची केली. घरून मी ठरवूनच निघालो होतो, की आज सगळं सांगायचं. बाभळ, लिंबाखालचे दोघं, केळं, सगळं.

तेवढ्यात भाईंनीच खिशातून मोबाइल काढला. चष्मा लावला. घरात पडून पडून कंटाळा आला, म्हणाले, तेव्हा त्यांच्या मुलीनं हे ॲप बघायला शिकवलं. त्यांनी माझी ती चारशेची राइड उघडली आणि काळ्या झालेल्या बोटांनी नकाशा मोठा मोठा करत नेला. ढोकीच्या अलीकडं येऊन थांबले आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. लाल रेघ एका ठिकाणी जरा मागं येऊन पुन्हा पुढं गेली होती.

"हे बघा सर. इथं तुमी माघारी फिरलात."

भाई सावकाश बोलत होते. "पोरगी म्हणली, अब्बा, मोबाइलचं चुकलं असंल. मी म्हणलो, न्हाय. सरांनी इथं कार्ड बघितलं. मला द्यायला माघारी वळले. मग वाटलं असंल, भाई काय आता येत न्हाईत. गेले." त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला. "खरं सांगू का, मला लई राग आलता तुमचा. आत्ता पाहिलं म्हणलात ना नळापाशी, ते मला खोटं वाटलं, आन ते खोटंच व्हतं. दोन महिने मनात धरून व्हतो. दवाखान्यात तुमी आलात तवा तोंड बघू वाटंना. मग हे बघितलं. अर्धा किलोमीटर का व्हईना, माणूस माझ्यासाठी माघारी फिरला. माझा राग तिथंच गेला."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता. त्यांना एवढंच माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"फिरला व्हतात ना, सर?"

पंप हा शब्द माझ्या तोंडात आला होता. पुतण्या चहाचे कप घेऊन आत येत होता. भाई वाट बघत होते.

"व्हय, भाई," मी म्हणालो.